कळवलं, की नुसतं लूपमध्ये ठेवलं?

लोअर परळच्या कुठल्याही काचेच्या ऑफिसात दिवसभर ऐकू येतं: ‘तुला लूपमध्ये ठेवतो’, ‘त्याला जरा फिल इन कर’, ‘मला अपडेट दे’. माझं भांडण इंग्रजी शब्दांशी नाही. मिल, गेट, युनियन हे शब्द गिरणगावाने केव्हाच आपले केले. भांडण आहे ते या बोलण्यातल्या पळवाटेशी.

लूपमध्ये ठेवणं म्हणजे मेलच्या सीसीत नाव टाकणं. समोरच्याने वाचलं का, त्याला समजलं का, हे बघायची जबाबदारी कुणाचीच नाही. घोळ झाला की उत्तर तयार: ‘तुम्ही लूपमध्ये होतात की!’

मराठीत इतक्या स्वस्तात सुटका नाही. ‘कळवणं’ हे ‘कळणं’चं प्रयोजक रूप. ‘सांगितलं, पण त्याला कळलं नाही’ असं आपण सहज म्हणतो; ‘कळवलं, पण कळलं नाही’ म्हणताना जीभ अडखळते. कानावर घालायचं तर त्या कानापर्यंत जावं लागतं. डोळ्यांत अंजन घालायचं तर समोरच्याला झोंबणार, हे पत्करावं लागतं. पत्राच्या शेवटीही आपण ‘कळावे’ लिहीत आलो, ‘पोचावे’ नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १९८२च्या संपाच्या काळात गिरणी कामगाराला बातमी गेटसभेत मिळे. तिथे उलट प्रश्न विचारता येई. पुढे १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. अधिसूचना निघाली, म्हणजे कागदावर सगळे लूपमध्ये. पण घरांसाठीची जमीन आक्रसली, हे लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत जाऊन कळवायचं कुणी?

आज चाळींच्या पुनर्विकासात तेच चालतं. ग्रुपवर चाळीस पानांची इंग्रजी पीडीएफ पडते, खाली ‘फॉर युवर इन्फर्मेशन’. मग आजीला सही कुठे करायची तेवढं दाखवतात. निळ्या टिका म्हणजे मेसेज उघडला, कळला नव्हे.

ही पीडीएफ आजीच्या आधी तुमच्या फोनवर येते. फॉरवर्ड करून मोकळे होऊ नका. शेजारी बसा, कलम वाचा, मराठीत सांगा, तिचे प्रश्न ऐका. तिला कळलं, की मगच म्हणा: कळवलं.