विश्लेषण : चीनमध्ये पहिली रात्र काढायची कुठे? हॉटेल ठरवताना नेमकं काय तपासावं?

कुडाळ : २४ जुलै २०२५ पासून भारताने चिनी नागरिकांसाठी पर्यटक व्हिसा पुन्हा सुरू केला. त्यानंतर २६ ऑक्टोबरला इंडिगोचं कोलकाता-ग्वांगझू विमान उडालं, ९ नोव्हेंबरला चायना ईस्टर्नची शांघाय-दिल्ली सेवा आणि १० नोव्हेंबरला इंडिगोची दिल्ली-ग्वांगझू सेवा सुरू झाली. २०२० पासून बंद असलेली वाट उघडल्यामुळे मालासाठी ग्वांगझू किंवा यीवूला जाऊ पाहणारे छोटे व्यापारी, तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांचे पालक आणि निव्वळ फिरायला जाणारे, सगळ्यांनीच पुन्हा चौकशी सुरू केली आहे. मोपाहून दिल्ली गाठली की पुढे एकच विमान, त्यामुळे सिंधुदुर्गातूनही हा प्रवास आता पूर्वीइतका लांबचा वाटत नाही.

पण पहिल्यांदाच जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो विमानाने नाही, तर रात्रीच्या विचाराने. भाषा येत नाही, यूपीआय चालत नाही, गूगल उघडत नाही आणि काउंटरवरच्या माणसाने ‘नाही’ म्हणून हात हलवला तर करायचं काय?

हॉटेल बुक असूनही खोली का नाकारली जाते?

चीनला जाऊन आलेल्या अनेक परदेशी पर्यटकांना हा अनुभव आला आहे. ॲपवर पैसे भरलेले असतात, पण पासपोर्ट पाहिल्यावर स्वस्त हॉटेलवाला नकार देतो. हा भारतीयांवरचा राग असावा, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. तारकर्ली-देवबागच्या एखाद्या निवास-न्याहारी घरात परदेशी पाहुणा उतरला, तर मालकाला २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. ‘सी फॉर्म’ म्हणून हा प्रकार ओळखला जातो. ज्याने तो कधी भरलेला नाही, तो परदेशी पाहुणा दिसला की ‘रूम फुल आहे’ म्हणून मोकळा होतो. चीनमध्येही मूळ कारण हेच आहे. तिथल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार (लागू १ जुलै २०१३) हॉटेलला परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे पाठवावीच लागते. चिनी ओळखपत्र यंत्रावर ठेवलं की काम होतं, पासपोर्टची माहिती मात्र हाताने भरावी लागते. छोट्या हॉटेलातल्या रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला ते जमत नाही, किंवा चूक झाली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल अशी भीती असते. पूर्वी तर परदेशी पाहुणे ठेवण्याची मुभाच ठरावीक हॉटेलांना होती. ती पद्धत कागदावरून गेली, डोक्यातून गेलेली नाही.

२०२४ मध्ये चीनच्या सरकारी विभागांनी स्पष्ट केलं, की ‘आमच्याकडे पात्रता नाही’ असं सांगून हॉटेलांना परदेशी पाहुणा नाकारता येणार नाही. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, विशेषतः मोठ्या शहरांत. पण रात्री अकरा वाजता हातात बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाने तिथे कायदा शिकवत बसावं, हा सल्ला कुणी देणार नाही.

मग बुकिंग करताना काय पाहायचं?

पहिल्या दोन रात्रींसाठी हात आखडता घेऊ नका. आंतरराष्ट्रीय साखळीचं किंवा मोठं, परदेशी पाहुण्यांची सवय असलेलं हॉटेल घ्या. तिसऱ्या दिवशी मेट्रो कळते, पैसे देणं जमतं, मग स्वस्तातलं शोधता येतं. उलट क्रम महागात पडतो.

बुकिंगसाठी ट्रिप डॉट कॉम हे ॲप सोयीचं आहे. १९९९ मध्ये शांघायमध्ये सुरू झालेल्या सीट्रिप या चिनी कंपनीचाच हा आंतरराष्ट्रीय चेहरा आहे. त्यामुळे चिनी हॉटेलांची माहिती तिथे भरपूर मिळते. कोणत्या देशाच्या पाहुण्यांना प्रवेश आहे, याची सूचना हॉटेलच्या नियमांत दिलेली असते. ती वाचाच, आणि शिवाय हॉटेलला मेसेज करून विचारा : ‘भारतीय पासपोर्टवर खोली मिळेल का?’ लेखी होकाराचा स्क्रीनशॉट फोनमध्ये असू द्या. परदेशी पर्यटकांनी नुकतेच लिहिलेले अभिप्रायही उपयोगी पडतात, कारण तिथे कुणी तरी राहून आलंय हे त्यातून कळतं.

आणखी एक घोळ नावाचा होतो. हान्टिंग, होम इन, जिनजियांग अशा साखळ्यांच्या एकाच शहरात पुष्कळ शाखा असतात. इंग्रजी नाव टॅक्सीवाल्याला समजत नाही आणि तुम्ही भलत्याच शाखेच्या दारात उतरता. हॉटेलचं नाव, शाखा आणि पत्ता चिनी लिपीत, फोन नंबरसह, इंटरनेट नसतानाही उघडेल असा जपून ठेवा. खोलीचं वर्णनही नीट वाचा. स्वस्त खोल्यांपैकी काहींना खिडकीच नसते आणि तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

पहाटे उतरणाऱ्या विमानाचं गणित

हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोलकाता-ग्वांगझू सेवा सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक पाहिलं, तर विमान रात्री दहाच्या सुमारास निघतं आणि स्थानिक वेळेनुसार पहाटे चारच्या सुमारास पोहोचतं. (चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.) समजा, तुम्ही १० तारखेला निघालात. पोहोचणार ११ ला, म्हणून हॉटेल ११ तारखेचं बुक केलंत. पण खोली मिळण्याची वेळ साधारण दुपारी दोनची असते. म्हणजे रात्रभर जागरण करून दहा तास लॉबीत बसणं आलं. वयस्कर आई-वडील सोबत असतील तर १० तारखेचीच रात्र बुक करा आणि ‘आम्ही पहाटे पाचला येऊ’ असं हॉटेलला लेखी कळवा. न कळवल्यास पाहुणा आलाच नाही असं समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

तारखाही तपासा. ग्वांगझूचा कँटन फेअर दरवर्षी दोनदा, साधारण १५ एप्रिल ते ५ मे आणि १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर या काळात, तीन टप्प्यांत भरतो. तेव्हा पाझोउ भागातल्या खोल्यांचे दर चढतात. १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय सुट्टी आणि चिनी नववर्षाचा आठवडा फिरायला जाणाऱ्याने टाळलेलाच बरा.

पैसे, नकाशा, ओटीपी

काउंटरवर खोलीभाड्याशिवाय अनामत रक्कम मागितली जाऊ शकते. ती सोडताना परत मिळते, पावती सांभाळा. २०२३ पासून अलीपे आणि वीचॅट पे या ॲपना परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडणं बरंच सोपं झालं आहे. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. एक युआन म्हणजे ढोबळमानाने १२ ते १३ रुपये. ही जोडणी घरूनच करून निघा, कारण पडताळणीचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि रोमिंग चालू नसेल तर सगळंच अडतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का, तेही पाहा. तो आपणहून सुरू करावा लागतो. थोडे रोख युआन खिशात असावेत.

भारतीय सिमवरच्या रोमिंग डेटावर व्हॉट्सॲप आणि गूगल सहसा चालतं, कारण तो डेटा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. हॉटेलचं वायफाय पकडलं की दोन्ही बंद. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे रात्रभर जीव टांगणीला.

नकाशाबाबत एक तांत्रिक गंमत आहे. चीनमध्ये नकाशांसाठी कायद्याने वेगळी निर्देशांक पद्धत वापरली जाते, ज्यात प्रत्यक्ष स्थान मुद्दाम सरकवलेलं असतं. त्यामुळे गूगल मॅपवरचा ठिपका काही वेळा शेकडो मीटर चुकतो. हॉटेल नदीपलीकडे दिसलं तर घाबरू नका, आयफोनचा स्वतःचा नकाशा किंवा चिनी ‘एमॅप’ वापरा.

ओळखीच्या घरी राहिलं तर?

मुलाच्या फ्लॅटवर किंवा गावच्या ओळखीतल्या कुटुंबाकडे उतरणं आपल्याला सर्वांत सुरक्षित वाटतं, पण कागदपत्रांच्या दृष्टीने तेच अवघड आहे. हॉटेलात नोंद हॉटेल करतं. घरी राहिलात तर २४ तासांत स्थानिक पोलिस ठाण्यात नोंद करण्याची जबाबदारी तुमची आणि यजमानाची. चुकल्यास ताकीद आणि २,००० युआनपर्यंत दंड, म्हणजे सुमारे पंचवीस हजार रुपये. विद्यार्थी वसतिगृहात पालकांना राहता येईल असं गृहीत धरू नका, मुलाला आधी विद्यापीठात विचारायला सांगा.

भीती किती खरी?

रात्री रस्त्यावर फिरणं चीनच्या मोठ्या शहरांत सहसा धोक्याचं मानलं जात नाही. राजकीय ताणाचं तसं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये शांघाय विमानतळावर मूळच्या अरुणाचल प्रदेशातल्या भारतीय महिलेला पासपोर्टवरील जन्मस्थानावरून अडवून ठेवल्याचा प्रकार घडला. त्यानंतर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने चीनला जाणाऱ्या किंवा तिथून पुढे जाणाऱ्या नागरिकांना सावधगिरीचा सल्ला दिला. त्यामुळे सरकारी सूचना निघण्याआधी पुन्हा पाहा आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, थोडं महाग पडलं तरी.

हॉटेलने ऐनवेळी नकार दिलाच, तर भांडू नका. त्यांनाच जवळचं दुसरं हॉटेल सुचवायला सांगा, भाषांतराचं ॲप पुढे धरा. स्थानकाबाहेर ‘रूम, रूम’ करत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका. चीनच्या इमिग्रेशन विभागाची १२३६७ ही हेल्पलाइन चोवीस तास इंग्रजीतही चालते. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी १२०. भारताचा दूतावास बीजिंगला आहे, तर शांघाय आणि ग्वांगझूला वाणिज्य दूतावास आहेत. त्यांचे आपत्कालीन क्रमांक त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात, ते निघण्यापूर्वी कागदावर उतरवून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.