हंडा, बाटली आणि चौथरा

अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे नाव निघाले की अडविलेले पाणी, दारूबंदी आणि अण्णा हजारे या तीन गोष्टी मराठी माणसाला चटकन आठवतात. विद्या बाळ यांचे नाव या गावाच्या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. पाच दशके स्त्रीप्रश्नावर लिहिणाऱ्या या पत्रकार स्त्रीचा राळेगणशी तसा थेट संबंधही नव्हता. तरीही ही दोन नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. राळेगणने स्त्रियांच्या डोक्यावरील ओझे हलके केले. ते हलके करण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न विद्या बाळ यांनी विचारला.

राळेगणचे श्रेय निर्विवाद आहे. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन हजारे गावी परतले. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, तेथे तरुण जमू लागले, दारूच्या भट्ट्या बंद पडल्या. पारनेर तालुक्याच्या अवर्षणग्रस्त माळावर नालाबांध व पाझर तलाव झाले आणि विहिरींना पाणी आले. या परिवर्तनाचा लाभ स्त्रियांना मिळाला, हे सांगण्यास पुराव्याची गरज नाही. पाणी दुरावले की पायपीट स्त्रीची वाढते आणि दारू शिरली की मार तिच्या पाठीवर बसतो. हंडा आणि बाटली ही तिची दोन दुःखे होती. दोन्हींवर या गावाने इलाज केला.

परंतु हा इलाज कसा झाला? मद्यपींना खांबाला बांधून फटके देण्यात आले, असे हजारे यांनी स्वतःच सांगितले आहे. म्हणजे नवऱ्याचा हात थांबला, तो अधिक बळकट हातामुळे. गावाची पंचसूत्रीही या दृष्टीने पुन्हा वाचावी. चराईबंदी आवश्यकच होती. पण चारा कापून गोठ्यात आणून टाकण्याचे काम मग कोणाकडे जाते? कुऱ्हाडबंदीनंतर चुलीच्या सरपणाची चिंता कोणी वाहावयाची? नसबंदीचा पुरस्कार सारा गाव करतो. पण या देशात शस्त्रक्रियेच्या टेबलावर बहुतेक वेळा कोण जाते? हे प्रश्न राळेगणचे मोठेपण कमी करीत नाहीत. आदर्श म्हणून मिरविणाऱ्या प्रत्येक गावाला ते लागू आहेत.

असे प्रश्न विचारण्याची सवय मराठी वाचकाला लावणे हेच विद्या बाळ यांचे जीवितकार्य होते. १९३७ साली जन्मलेल्या विद्याताई 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांच्या नात. १९६४ साली त्या किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकात दाखल झाल्या आणि १९८३ ते १९८६ या काळात त्याच्या संपादक होत्या. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेच्या मृत्यूने समाज हादरला, तेव्हा त्या केवळ लेख लिहून थांबल्या नाहीत. नारी समता मंचाची उभारणी झाली, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरविण्यात आले आणि घराच्या चार भिंतींआड दडलेले दुःख बायका बोलून दाखवू लागल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले. स्त्रीने प्रथम स्वतःशी बोलावे आणि पुरुषानेही या संवादात सामील व्हावे, ही त्यामागील भूमिका होती. पुरुषाला वैरी न मानता त्याला उत्तरदायी मानणारी ही पत्रकारिता होती.

तिची कसोटी याच जिल्ह्यात लागली. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. जानेवारी २०१६ मध्ये तेथे निघालेल्या महिलांना पोलिसांनी सुपा येथेच रोखले. हे सुपा राळेगणच्याच पारनेर तालुक्यातले. विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा राबविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्पष्ट केले आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. विशेष म्हणजे विद्याताई स्वतः देव मानणाऱ्या नव्हत्या. त्यांचा लढा शनीच्या दर्शनासाठी नव्हता. स्त्रीने कोठे पाऊल टाकावे हे तिच्यावाचून इतरांनी ठरवू नये, यासाठी होता.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. एका पाझर तलावाने जेवढे स्त्रियांचे भले केले तेवढे शंभर मासिकांनी केले नाही. हे पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांचे चोचले आहेत. आक्षेपात तथ्याचा अंश आहे. मासिक वाचण्यास अक्षरओळख लागते, वर्गणी लागते आणि सर्वांत दुर्मिळ अशी वस्तू, म्हणजे फुरसत, लागते. पण तलाव गाळाने भरतो आणि नेते थकतात. कोणाच्या कृपेने मिळालेले सुख त्या कृपेबरोबर ओसरते; स्वतः मागून घेतलेला हक्क सहजासहजी हिरावता येत नाही.

दारूबंदीच्या चळवळीने पुढे हाच धडा गिरविला. खांब आणि फटक्यांच्या जागी मतपत्रिका आली. उभ्या आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून दारूच्या दुकानाचे भवितव्य ठरविण्याची संधी गावातील स्त्रियांना मिळाली. पंचायतीत निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव झाल्या. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. मात्र अनेक ठिकाणी ही सभा वहीतच भरते, आणि सरपंचबाईंच्या खुर्चीमागे त्यांचे यजमान उभे असतात.

३० जानेवारी २०२० रोजी विद्या बाळ यांचे निधन झाले. त्यांचे स्मरण सभागृहांना नाव देऊन करण्यापेक्षा एक साधी गोष्ट करावी. आदर्श गाव म्हणून गौरविण्यापूर्वी तेथील महिला सभेचे इतिवृत्त मागवावे आणि ग्रामसभेत ते मोठ्याने वाचले गेले काय, एवढेच विचारावे. विहिरीला पाणी किती आले हे मोजण्याची पद्धत राळेगणने घालून दिली आहे. त्या पाण्याचे काय करावयाचे हे ठरविताना स्त्रियांचे म्हणणे किती ऐकले गेले, हेही आता मोजले पाहिजे.