स्टेरॉइडच्या रुग्णाला नुसते कॅल्शियम पुरत नाही

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत हाडांच्या मोफत तपासणीच्या शिबिरांचे फलक पुन्हा चौकाचौकांत लागले आहेत. टाच यंत्रावर ठेवून हाडांच्या बळकटीचा अंदाज घ्यायचा आणि कॅल्शियमच्या गोळ्या हाती देऊन रुग्णाला वाटेला लावायचे, एवढ्यावरच अशी शिबिरे बहुधा आटोपतात; दमा, संधिवात किंवा ल्युपस यांसाठी रुग्ण प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड किती महिने घेत आहे, हा खरा प्रश्न मात्र मागेच राहतो.

हा प्रश्न तीन महिन्यांचा आहे. रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त काळ घ्यावे लागणाऱ्या प्रौढाला हाड मोडण्याचा धोका किती, हे तपासावे, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. स्टेरॉइडमुळे हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे ते अधिक जाते. ही झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. पाठीत कळ येईपर्यंत थांबणे म्हणजे मणका दबल्यावर उपचार शोधणे होय.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवेच, पण धोका मध्यम वा अधिक असलेल्या रुग्णाला तेवढे पुरत नाही. हाडाची झीज रोखणारी अ‍ॅलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे न होण्याचे पथ्य पाळावे लागते. गोळी न सोसणाऱ्यांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देता येते. नवे हाड घडवणारे टेरिपॅराटाइड रोज टोचावे लागते आणि महागही पडते, तथापि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 18 महिन्यांत अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांपैकी 6.1 टक्के रुग्णांचे मणके नव्याने मोडले, तर टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत हे प्रमाण 0.6 टक्के होते. मूत्रपिंडाची स्थिती, दातांचे आजार आणि गर्भधारणेची शक्यता पाहूनच यांतील निवड व्हायला हवी, म्हणून ती डॉक्टरांनीच करावी.

जे रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतच नाहीत, त्यांचे काय? सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या, पण आत काय आहे हे न सांगणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी असलेले हे औषध जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेणारेही आहेत. अशांनी ते मनानेच एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, कारण अधिवृक्क ग्रंथी तोवर स्वतःचे संप्रेरक बनवायचे विसरलेल्या असतात.

ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयाने आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या रुक्मिणीबाई व शास्त्रीनगर रुग्णालयांनी स्टेरॉइड लिहून देताना केसपेपरवर सुरुवातीची तारीख आणि तीन महिन्यांनंतरची तारीख ठळक नोंदवावी, आणि त्या दुसऱ्या तारखेच्या आत हाडांच्या औषधाचा निर्णय लेखी द्यावा.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)