फुकट पिशवीचे मोल

व्यापारात कोणतीही वस्तू फुकट नसते. तिची किंमत कोणाच्या तरी खाती पडतेच. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीविषयी हेच म्हणावे लागते. दुकानदार ती मालाबरोबर फुकट देतो, ग्राहक घरी पोहोचताच टाकून देतो, आणि खर्च मात्र तापी नदी, नगरातील गटारे व मुकी जनावरे यांच्या नावे पडतो.

१६८९ साली सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने येथील जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन लिहून ठेवले आहे. भूतदयेची अशी कीर्ती असलेल्या नगरीत गाय उकिरड्यावरील उष्ट्या अन्नासह पिशवीही गिळते, हे आपणांस शोभत नाही. ती पिशवी पोटात पचत नाही. तिचा गोळा वाढत जातो व चाऱ्यास जागा उरत नाही.

आम्हां धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे बारदानाला मोल असते. तागाचे पोते रिकामे झाले की झटकून, शिवून पुन्हा भरले जाते; म्हणून ते कोणी रस्त्यावर टाकीत नाही. पातळ पिशवीस मोल नाही, हेच दुखण्याचे मूळ होय.

शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाचे प्लॅस्टिकचे चमचे, पेले, ताटल्या बंद केल्या आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशवीस मनाई केली. जाड पिशवी महाग पडते, ती फुकट वाटणे परवडत नाही, हा या नियमाचा मोठा लाभ. तथापि नुसत्या कायद्याने बाजाराची सवय मोडत नाही.

“आम्ही पिशवी बंद केली, तर ग्राहक शेजारी जाईल,” ही दुकानदाराची अडचण खोटी नव्हे. म्हणूनच हे काम एकट्याचे नसून मंडळाचे आहे. अडत व बारदान यांचे रिवाज बाजाराने मिळूनच पाळले, म्हणून ते टिकले. त्याचप्रमाणे सर्व सभासदांनी ठरवावे की, पातळ पिशवी द्यावयाची नाही. कापडी पिशवीचे पैसे बिलात निराळे मांडावयाचे, आणि ती परत आल्यास ते पूर्ण फेडावयाचे. या ठरावाचा आरंभ मंडळाच्या वार्षिक भोजनापासून व्हावा. तेथे पंगतीस धातूची ताटे व पेले मांडावेत, मग ग्राहकास उपदेश करण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल.