चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नका!

घसा धरला, अंग तापलं, की आपण मेडिकलवर जातो. "अझिथ्रो द्या, तीन दिवसांची." चिठ्ठी नसते, तरी गोळ्या मिळतात. कृपा करून हे आजपासून थांबवा. सर्दी-पडशाचा ताप बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतो. त्यावर या गोळीचा काडीचाही उपयोग नाही. हृदयावर मात्र तिचा परिणाम होऊ शकतो.

अझिथ्रोमायसिनमुळे ठोक्यांची लय बिघडून जिवावर बेतू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच दिला. जुलाबावर सर्रास घेतली जाणारी ऑफ्लॉक्सासिनही लय बिघडवू शकते. तिच्या कुळातल्या औषधांमुळे क्वचित महाधमनी फाटू शकते, असं त्याच प्रशासनाने २०१८ मध्ये सांगितलं.

तरुण, धडधाकट माणसाला हा धोका फार थोडा. पण घरातल्या आजोबांचा विचार करा. बीपीसाठी ते लघवी वाढवणारी गोळी घेतात. तिने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. त्यात जुलाब लागले, ते आणखी घटलं. ठोका नीट पडायला हेच पोटॅशियम लागतं. अशा वेळी कुणीतरी मायेनेच त्यांना ऑफ्लॉक्सासिन देतं, वर डॉमपेरिडोन असलेली गॅसची गोळी. तीही लय बिघडवू शकणारी! एकेक गोष्ट साधी, पण सगळ्या एकाच दिवशी एकाच हृदयावर येऊन पडतात. म्हणून विचारा. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, गॅसचीसुद्धा. पूर्वी कधी चक्कर येऊन पडला असाल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही सांगा.

आणखी एक गोष्ट. हृदयाच्या पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया मुळात जिवाणूंचेच वंशज आहेत. जिवाणू मारणारी काही औषधं त्यांनाही त्रास देतात आणि पेशीत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, हे प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर दिसलं आहे. माणसाच्या हृदयात हे किती घडतं, याचा अभ्यास अजून चालू आहे. तोवर विनाकारण गोळी का गिळायची?

मात्र घाबरून उलट टोकाला जाऊ नका. न्यूमोनियात, रक्तातल्या जंतुसंसर्गात हीच औषधं जीव वाचवतात. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेली गोळी मनाने बंद करू नका. शंका आली तर त्यांनाच फोन करा.

आज घरातला औषधांचा डबा उघडा. उभी लाल रेघ असलेली पाकिटं बाजूला काढा; ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या लेकराला देऊ नका. आणि गोळी घेतल्यावर छातीत धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत किंवा पाठीत एकाएकी भयंकर कळ उठली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि गोळ्यांचं पाकीट दवाखान्यात बरोबर न्या.