डावीकडे वळणारा चेंडू

मे महिन्यात आमच्या धानपट्ट्यातल्या बोदलकसा तलावाचं पाणी मागं हटलं की काठाला भेगाळलेलं मैदान उघडं पडतं. परवा तिथं पोट्टे फुटबॉल खेळत होते. गोलखांबांच्या जागी चपला. चेंडूची शिवण एका बाजूनं उसवलेली, त्यामुळे तो सारखा डावीकडे वळायचा. पोरांना ते पाठ होतं. ती बेतानं उजवीकडेच मारत.

या अंकात फुटबॉलपटू अनिकेत जाधववर लेख आहे. कोल्हापूरचा, जन्म २००० सालचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. ६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत, १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारत अमेरिकेविरुद्ध उतरला तेव्हा आघाडीला तोच होता. आपण ०-३ हरलो, पुढचे दोन सामनेही हरलो. पोरगा मात्र थांबला नाही. इंडियन ॲरोज, २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव, मग जमशेदपूर आणि २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकणारा हैदराबादचा संघ. बाविशीच्या आतली ही कमाई.

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. कुस्तीच्या नावानं उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉल पोसावा, ही गंमत तिथलीच! शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. आमच्या धानपट्ट्यातली पोरंही तशीच धावतात. त्यांच्यामागं पेठ नाही, एवढंच.

तेवढ्यात चेंडू पाण्यात गेला. सगळ्यात लहान पोट्टा न सांगता गुडघाभर चिखलात उतरला.