शुश्रूषागृहाची लाज कशासाठी?

वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, की पुण्या-मुंबईस आणि त्याही पलीकडे परदेशी स्थायिक झालेली मुले आपापल्या आळीत परततात, प्रसादाची पंगत उठते आणि चार दिवस वाडे गजबजतात. परंतु त्याच वाड्यांतून मागे राहिलेले आईबाप खुब्याचे हाड मोडल्याने, अर्धांगवायूने किंवा स्मृतिभ्रंशाने जेव्हा अंथरुणाला खिळतात, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेचा प्रश्न अशा भेटींनी सुटत नाही, ही गोष्ट आता उघडपणे बोलली पाहिजे.

अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी, रात्रीच्या प्रहरीही, बदलावी लागते, नाहीतर पाठीवर व टाचांवर शय्याव्रण होतात. गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्यास घास भरविताना तो श्वासनलिकेत जाणार नाही अशी दक्षता घ्यावी लागते. लघवीची नळी स्वच्छ न राहिल्यास ज्वर चढतो. माया कितीही असली, तरी हे कौशल्य शिकल्यावाचून येत नाही. आजवर हा सारा भार सुनेने किंवा माहेरी राहिलेल्या लेकीने विनामोबदला वाहिला, आणि म्हणूनच तो किती मोठा आहे याची जाणीव पुरुषांना क्वचितच झाली.

असे असता, एखाद्या कुटुंबाने वृद्धास शुश्रूषागृहात ठेवले, की ‘पोटची मुलं असून बाहेर ठेवलं’ हा बोल साऱ्या आळीत फिरतो. माझ्या मते हा बोल अन्यायाचा आहे. ज्या वाईत प्राज्ञपाठशाळेने धर्मशास्त्राचा चिकित्सक अभ्यास केला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात महात्मा गांधींना शास्त्राधार पुरविला, त्या वाईने तरी कर्तव्याचे मर्म आणि त्याचा रूढ आकार यांतील भेद ओळखावा. परक्या हातांनी वृद्धांना सांभाळण्याची प्रथाही महाराष्ट्रास नवी नाही. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या दातृत्वातून पुण्यात उभे राहिलेले दुर्बलांचे आश्रयस्थान आज ‘निवारा’ या नावाने चालू आहे.

खरी लाज वाटावी ती व्यवस्थेच्या अभावाची. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 19 व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. मुलांकडून निर्वाहभत्ता मिळविण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्जही करता येतो, आणि त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे. मात्र ज्यास पैसा आहे पण उचलून बसविणारे कोणी नाही, अशा रुग्णाची तजवीज या निराधारांच्या आश्रमात होत नाही. पुष्कळ वृद्धाश्रम तर स्वतःचे विधी स्वतः उरकता येण्याची अट प्रवेशालाच घालतात, म्हणजे गरज जेव्हा सर्वाधिक तेव्हाच दार बंद होते. अशा गृहांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरविणारे दुरुस्ती विधेयक 2019 साली लोकसभेत मांडले गेले, पण ते संमत न होताच व्यपगत झाले.

म्हणून शासनाकडे मागणी आहे ती अशी. ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयांच्या आश्रयाने तालुक्याच्या गावी शुश्रूषागृहे काढावीत, म्हणजे वाईच्या वृद्धास आपली माणसे, आपली भाषा आणि आपली नदी सोडून दूरच्या शहरी जावे लागणार नाही. जे गृह अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवते, ते स्वतःस काहीही म्हणवीत असो, त्यास 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली आणून त्याची पूर्वसूचनेविना तपासणी व्हावी, आणि तपासणीचा अहवाल कोणाही नागरिकास पाहता यावा.

कुटुंबांनीही एवढे पाळावे, की वृद्धाची शुद्ध शाबूत असेतो त्याच्या संमतीवाचून निर्णय घेऊ नये, दप्तरी सही करून आपली जबाबदारी संपली असे मानू नये, आणि अवेळी भेट देऊन अंथरूण, नखे व पाठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. आईबापांना कोठे ठेवले यावरून मुलांची परीक्षा करू नये. ते तेथे कसे आहेत, हे विचारावे.